दुधाची चव

समता कॉलनीतल्या लॅबमध्ये माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. गरोदरपणात शुगर निघालेली लेक नुकतीच ग्लुकोजचं पाणी प्यायली होती, दोन तासांनी रक्त द्यायचं होतं. दीड महिन्याचं बाळ आजीच्या मांडीवर रडत होतं.

"दे ना आई त्याले इकडं. भूक लागली त्याले."

"आत्ता नाही. गिलासभर साखर पेली तू. सगळी दुधात उतरते."

"नाही उतरत. डॉक्टर मॅडम बोलल्या, पाजत राहशील तर पुढं तुलेच शुगर व्हायचा धोका कमी राहते."

"मॅडमले काय जाते? तुह्या वेळी मलेही शुगर निघाली होती. तुह्या आजीनं बोटावर थेंब घेऊन चाखला. म्हणे गोड आहे, पोट्टीले नको देऊ."

"मंग?"

"मंग काय, तुले डब्याचं दूध. माहं महिनाभर मोरीत पिळून टाकलं. ताप चढे मले."

"आई, सबका मीठा ही होता है."

"कोणाचं?"

"सगळ्या बायांचं दूध गोडच. शुगर असो की नसो. मी चाखलं माहं, मॅडमलेही विचारलं."

"मले कोणी नाही सांगितलं."

"तू विचारलं काहून नाही?"

"कोणाले विचारू? सहा वर्षांत शुगरच्या गोळ्या सुरू झाल्या, आता इन्सुलिनची सुई."

"पाजलं नाही त्याच्यानंच झालं, असं नाही म्हणत मी."

"मी तरी कुठं म्हणून राहिली? घे पोट्ट्याले. पदर मी धरते."

"आई, धर ना पदर. कुठं पाहून राहिली?"

"काही नाही. रोज त्या दुधावर बालटीभर पाणी टाकत होती मी मोरीत. मुंग्या येतील म्हणून."