चारशे मणांची सरकी

अमरावतीच्या मोटार स्टँडवर अकोल्याच्या तिकिटाची रांग होती. मागे शेतकरी खुशालराव आणि कापूस संशोधन केंद्रातले कारकून मोरोपंत बोलत होते. पुढच्या अनुपमाबाईंना कान मिटता येत नव्हते.

"एकरी चारशे मण देते म्हने थे सरकी. मले पायजेच."

"खुशालराव, दोन हापिसांच्या नोंदी एक केल्या आम्ही. अमरावतीच्या मणात, अकोल्याच्या किलोत. रकाना मणाचाच राहिला."

"मंग किलोचे मण काहून नाई केले?"

"आकड्यांत फेरफार केला तर नोकरी जाते."

"अन् तुमचे सायेब?"

"त्याच पिकावर बढती घेऊन दिल्लीला गेले."

"सरकी कोनाच्या वावरातली हाये?"

"तुमच्याच. गेल्या साली प्रयोगाला नेली होती ती."

खुशालरावांनी कमरेच्या पिशवीतले पैसे मोजले.

"तरी एक थैली घेतोच. घरची काई इतकी देत नाई."