नुसतं नेक्स्ट-नेक्स्ट

...आणि वर म्हणतो कसा, "मामा, त्यात काय अवघड, नुसतं नेक्स्ट-नेक्स्ट करायचं." नेक्स्ट-नेक्स्ट. पुण्यात पंख्याखाली बसून सांगायला काय जातंय हो? तुम्हाला सांगतो, त्या एका वाक्यानं आमच्या वीरभद्र सरांचं डोकं जे तापलं ते पंधरा दिवस निवलं नाही, आणि आधीही ते काही फार थंड होतं अशातला भाग नाही, लातुरात गणिताचा क्लास चालवणारा माणूस, साल दोन हजार तीन, पुढच्या गल्लीत तीन क्लास, मागच्या गल्लीत पाच, जिकडं बघावं तिकडं बोर्डावर नंबरात आलेल्या पोरांचे फोटो... डोकं थंड राहील कसं?

मी त्यांचा शेजारी. भिंतीला भिंत. म्हणून सांगतोय ते निम्मं डोळ्यांनी बघितलेलं आहे, आणि निम्मं भिंतीतून ऐकलेलं.

तर समोरच्या क्लासवाल्यानं टेस्टचा निकाल कॉम्प्युटरवर छापून लावायला सुरुवात केली. पोराचं नाव, नंबर, मार्क, आणि मार्कांपुढं बाण. मागच्या टेस्टपेक्षा वाढले तर हिरवा, घसरले तर लाल. बास. पालक येतायत आणि बाण बघतायत. गणित कोण कसं शिकवतंय ते कुणी विचारून नाही राहिलं, बाण आहे का विचारून राहिले. आमचे सर निकाल हातानं लिहून दाराला डकवायचे. महिन्याभरात दोन पोरं बाणापायी तिकडं गेली. सर घरात येरझाऱ्या घालायचे आणि उज्वलावहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला म्हणायचे, "अगं, इंटिग्रेशनला बाण कुठं लावू मी?"

शेवटी आणला तो बाणाचा प्रोग्रॅम. तर घरचा कॉम्प्युटर म्हणतो, माझी सिस्टीम जुनी आहे, हे माझ्यावर चालत नाही, आधी नवी सिस्टीम टाका. आता सिस्टीम टाका म्हणजे काय टाका? कुठून टाका? सरांनी पुण्याला भाच्याला फोन लावला. आलोक, इंजिनिअर. त्यानं ते वाक्य म्हटलं. सर बाजारातल्या एका दुकानात सीडी आणायला गेले, तर दुकानदार म्हणतो, "सर, तुम्ही तर गणितवाले, नुसतं नेक्स्ट-नेक्स्ट." सीडीवर त्यानं आपल्या दुकानाचं हे एवढं जाड स्टिकर तिरकं चिकटवलेलं, आणि ते असं दाबून दिलं की जशी काही गॅरंटीच दिली.

गुरुवारी दुपारी सर बसले. वरच्या मजल्यावर साठ पोरं टेस्ट सोडवून राहिली होती, वहिनी स्वयंपाकघरात, आणि सर हॉलमध्ये लोखंडी टेबलावर कॉम्प्युटरपुढं. सीडी घातली. पडदा निळा झाला. सगळा निळा, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. सरांनी वरपासून खालपर्यंत वाचलं, पुन्हा वाचलं, चष्मा पुसून वाचलं... आता सांगा, नेक्स्ट कुठाय? नेक्स्ट नाहीच. एंटर दाबा म्हणतंय, एफ-आठ दाबा म्हणतंय, नको असेल तर एफ-तीन दाबा म्हणतंय, अख्ख्या पडद्यावर नेक्स्ट हा शब्द नाही.

फोन. "आलोक, तुझं नेक्स्ट कुठाय?"

"मामा, एंटर म्हणजेच नेक्स्ट. दाबत चला."

"मग एंटर म्हणून सांगायला तुला काय झालं होतं?"

दाबत चालले. मधेच पडद्यानं विचारलं, इथलं सगळं पुसून टाकू का? पुन्हा फोन. आलोक मीटिंगमध्ये. कुजबुजत म्हणतो, "हाव म्हणा मामा, तुमचं सगळं डी ड्राइव्हला असेलच ना, ठेवतो." आणि ठेवला. सरांनी एंटर दाबला. आणि मग, तुम्हाला सांगतो, दाबल्यावर, बोट अजून बटणावरच असताना, त्यांच्या मनात आलं... डी म्हणजे काय? आपल्याकडं तर एकच ड्राइव्ह आहे, सी.

चार वर्षांची गणितं होती त्यात. तेवीसशे. रोज सकाळी क्लासच्या आधी उठून एकेक टाइप केलेली. रविवारच्या टेस्टचा पेपर त्यातूनच काढायचा होता. पडद्यावर पिवळी पट्टी सरकत होती, आठ टक्के, नऊ टक्के, आणि सर बघत होते. ओरडले नाहीत. ओरडायचं कुणावर? सगळं तर त्यांनीच दाबलं होतं. पण आतून असे पेटले होते की मला भिंतीतून त्यांचा श्वास ऐकू येत होता.

आता इथं त्यांच्या आईचं सांगायला पाहिजे. गौरम्मा. औशाकडच्या खेड्यातली बाई. भूकंपाच्या पहाटे ती अंगणात म्हशीपाशी होती आणि सरांचे वडील घरात. दगडमातीचं घर, बसलं जागेवर. तेव्हापासून गौरम्मा स्लॅबखाली गेली नाही. दहा वर्षं. सरांनी लातुरात घर बांधलं, हिला अंगणात पत्र्याची खोली करून द्यावी लागली. जेवणाचं ताट उंबऱ्यावरून द्यायचं. सर कॉलम दाखवायचे, सळया किती घातल्यात त्याचा हिशोब सांगायचे, "आई, हे आरसीसी आहे, याला काही होत नाही." ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "आस्सं व्हय. ऱ्हावा तुम्ही."

असो. पट्टी संपली, मशीन बंद पडून परत चालू झालं, छान रंगीत पडदा आला आणि कोपऱ्यात लिहून आलं, एकोणचाळीस मिनिटं बाकी. सरांनी घड्याळ लावलं. पाच मिनिटांनी बघितलं, एकोणचाळीस. दहा मिनिटांनी, एकोणचाळीस. गणिताच्या माणसाला असं करावं का? "ही कुठली मिनिटं," सर स्वतःशीच म्हणाले, "दहा वजा केले तर एकोणतीस येतात." आणि तेवढ्यात ती सीडी आत जोरात फिरायला लागली.

फिरायला म्हणजे... तिरकं स्टिकर, एका बाजूला जड. आधी घूं झालं, मग घर्रर्र, मग कॉम्प्युटरचा डबा हलायला लागला, डब्यानं टेबल हललं, टेबलाचा एक पाय आखूड, ते कपाटावर आपटायला लागलं, कपाटावर क्लासच्या ढाली, त्या काचेवर खडखड खडखड, आणि कपाटामागच्या भिंतीला, पलीकडून, वहिनींची भांड्यांची मांडणी ठोकलेली. स्वयंपाकघरात वहिनी पोळ्या लाटत होत्या आणि समोर बघता बघता ताटं थरथरायला लागली, पळ्या एकमेकींवर वाजायला लागल्या.

आता लातूरच्या बाईनं ताटं थरथरताना बघितल्यावर काय करावं? विचार करावा? वहिनींनी गॅस बंद केला, कणकेच्या हातानं बाहेर पळाल्या आणि एकच हाक दिली, "भूकंप."

बस. वरून साठ पोरं जिन्यानं खाली. टेस्ट तशीच टाकून, एका मिनिटात, एवढ्या शिस्तीत ती पोरं कधी वर्गात पण आली नसतील. मी दाढी करून राहिलो होतो, अर्ध्या गालाला साबण, तसाच रस्त्यावर. समोरच्या क्लासची पोरं बाहेर, मागच्या गल्लीतली बाहेर. वहिनींनी पोरं मोजली, साठ. मला मोजलं. आणि म्हणाल्या, "हे कुठायत?"

सर आत होते. सरांना माहीत होतं की भूकंप नाही, कारण भूकंप त्यांच्या दोन्ही हातांखाली होता, ते डबा दाबून धरून बसले होते. सोडला तर टेबलावरून पडणार. आतून ओरडत होते, "अरे, कॉम्प्युटर आहे, कॉम्प्युटर." पण बाहेर शंभर माणसं बोलताना कुणाला ऐकू जातंय? आणि जावं तरी कुणी आत? मी गेलो नाही. खोटं कशाला सांगू. कुणीच गेलं नाही.

पत्र्याच्या खोलीतून गौरम्मा आली. तिनं विचारलं, "इरभद्र कुठाय?" वहिनींनी दाराकडं हात केला. आणि ती बाई उंबरा ओलांडून आत गेली. थांबली नाही, वर स्लॅबकडं बघितलं नाही, लुगडं सावरत सरळ आत.

मी तेवढं एक काम केलं. म्हटलं, आत दोन माणसं आहेत, करंट-बिरंट लागायचा, म्हणून पोर्चमधला मेन स्विच खाली ओढला. शहाणपण केलं. तेव्हा मला काय माहीत की आत पंचवीस मिनिटं बाकी होती?

दोघं बाहेर आले. म्हणजे ती आली, आणि सर तिच्या मुठीतल्या शर्टामागून आले. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, साठ विद्यार्थी बघतायत, वर समोरच्या क्लासची पण. सर नुसते लाल. "आई, सोड. जमीन नाही हलून राहिली, कॉम्प्युटर हलून राहिला. एकोणचाळीसचं एकदाचं पंचवीसवर आलं होतं. कुणी लाइट बंद केली? कुठला गाढव तो?"

मी साबण पुसायला लागलो.

गौरम्मानं त्यांना कानाखाली एक दिली. जोरात नाही, पण दिली. म्हणाली, "तुझ्या बापालाबी म्या बाहीर बोलीवलं व्हतं. कूस बदलून म्हणला, रस्त्यानं टरक गेला आसंल, नीज."

सरांनी हे कधी ऐकलं नव्हतं. दहा वर्षांत तिनं सांगितलंच नव्हतं. त्यांनी तिचा हात धरला आणि तिला पत्र्याच्या खोलीत नेऊन बसवलं, स्वतः पण तिथंच बसले, अंधार पडेपर्यंत.

पण राग कुठं जातोय हो? सकाळी परत आला. मशीन चालू केलं तर जुनी सिस्टीम नाही, नवी नाही, गणितं नाहीत, नुसती एक पांढरी रेघ लुकलुक करून राहिली. आलोकचा फोन आला, "मामा, झालं का? परत पहिल्यापासून घ्या, नुसतं नेक्स्ट..." सरांनी वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही. काय बोलले ते भिंतीतून ऐकलंय मी, पण इथं सांगण्यासारखं नाही.

रविवारचा पेपर त्यांनी हातानं लिहिला. त्याच रागात. जुनं एक गणित आठवेना, म्हणून सगळी नवी केली, आणि रागात केलेली गणितं कशी असतात ते त्या साठ पोरांना विचारा. कळलं असं की सरांच्या जुन्या पेपरांच्या झेरॉक्स गल्लीतल्या पोरांकडं वर्षानुवर्षं फिरत होत्या. पोरं पाठ करून येत होती, आणि सरांना वाटायचं आपण चांगलं शिकवतो. या पेपरला पहिल्या आलेल्या पोरानं शंभरात एकेचाळीस काढले.

सोमवारी परत सिस्टीम टाकायला घेतली. गौरम्मा उंबऱ्यात येऊन उभी राहिली. म्हणाली, "मी आत येती. काय हलतंय ते मला बघू दे." आणि आली, स्टुलावर बसली, दोन्ही हात डब्यावर ठेवले. सीडी फिरायला लागली तशी म्हणाली, "बंद कर. जात्याची वरली तळी एका अंगाला जड असली की आस्संच करतंय." सरांनी सीडी काढून दिली. तिनं नखानं ते स्टिकर खरवडलं, पाणी लावून, पदरानं पुसून साफ केलं. पुन्हा घातली. आवाज नाही, काही नाही. इंजिनिअर भाचा, दुकानदार, गणिताचे सर... कुणाच्या डोक्यात आलं होतं का?

पाऊण तास ती स्लॅबखाली बसली. शेवटी पडद्यानं नाव विचारलं.

"आता काय इचारतंय?"

"हे कुणाचं आहे, मालकाचं नाव विचारतंय."

"मग माझं लाव की. घर कुणाच्या नावावर हाय?"

सरांच्यात वाद घालायचं बळ राहिलं नव्हतं. गौरम्मा, असं टाइप केलं आणि, तुम्हाला सांगतो, तिथं एकदाचं नेक्स्ट होतं, ते दाबलं. ती उठली आणि आपल्या पत्र्याच्या खोलीत गेली. झोपते अजून तिथंच. पण जेवायला आता आत येते.

मंगळवारी, मागचे मार्क हातच्या यादीवरून भरून, बाणाचा निकाल लागला. साठ पोरं, साठ लाल बाण, सगळे खाली. आणि त्या प्रोग्रॅमला एक खोड, कागदाच्या तळाला मालकाचं नाव आपोआप छापतो. इंग्रजीत. प्रिपेअर्ड बाय गौरम्मा. सरांच्या ते लक्षात आलं नाही. पोरांच्या आलं.

बुधवारपर्यंत त्या नावावरून लातूरभर झालं की वीरभद्र सरांनी हैदराबादहून एक मॅडम आणलीय, पेपर ती काढते, एकेचाळीसच्या वर कुणाला जाऊ देत नाही. समोरच्या क्लासवाला स्वतः येऊन मला विचारून गेला, मॅडम उतरल्यात कुठं? मी म्हटलं, इथंच आहेत, पण कुणाला भेटत नाहीत. तिकडं गेलेली दोन पोरं परत आली. सर चिडून सगळ्यांना सांगत सुटले, "अहो, ती माझी आई आहे." त्यावर पोरं एकमेकांना म्हणायची, बघ, आई पण गणिताचीच.

परवा देगलूरहून एक पालक आला, पोराला घेऊन, पहाटेची एस्टी पकडून. "गौरम्मा मॅडमच्या बॅचला एक जागा बघा सर." सर म्हणाले, "माझ्या बॅचला जागा आहे." तो माणूस अदबीनं म्हणाला, "तुमच्या नको सर. मॅडमच्याच बघा, आम्ही थांबतो." खिडकीतून अंगणात गौरम्मा शेंगा फोडत बसलेली दिसत होती. सरांनी तिच्याकडं बघितलं, त्या माणसाकडं बघितलं, आणि टेबलाच्या खणातून वही काढून त्याच्या पोराचं नाव लिहून घेतलं. वेटिंगला. एकविसावं.