जामिनाचा जिताडा

—न्हाय न्हाय, काठी घालू नका पाण्यात! काठावर दोरी धरा, डोळ्यांनी अंदाज घ्या, पण पाण्यात काही बुडवू नका. दचकतो तो. दचकला की उसळी मारतो, आणि उसळी मारली की तोंड आपटतं भिंतीला — बघा ना, तोंडावरची कातडी कशी सोलवटलीय. असे इकडून या, सावली पडू देऊ नका. दिसला? तळाशी. ओंडका न्हाय तो, अंबाजी, जिताडा हाय. माझ्या मुलाचा, नजमुद्दीनचा जिताडा. दोन हात तरी भरेल, जास्तच. आणि हौद किती? लांबीला तीन हात, रुंदीला दोन. म्हणजे सरळ पडून राहिला तर राहील, पण वळायचं कसं? वळायचं तर कमान करावी लागते त्याला. वर्षानुवर्षं कमानच करतोय. म्हणून तर तुमाला सकाळी सकाळी बोलावणं धाडलं, पेज पण पिऊ दिली न्हाय, माफ करा. मला एवढंच सांगा — एवढ्या माशाला हौद केवढा लागतो? तुमी विहिरी बांधता, हौद बांधता, तुमाला ठाऊक असणार. सहा हात? आठ? आठ करा. दहा करा! सुपारीची चार झाडं आड आली तर तोडा, मी काही बोलणार न्हाय, पण आज कामाला हात घाला.

काय? चुना? — नव्या चुन्याचं पाणी माशाला जाळतं, व्हय, ऐकलंय मी. पण एकवीस दिवस? एकवीस दिवस भरायचा आणि उपसायचा? कुठले हो एकवीस दिवस! चार दिवस झाले त्यानं तोंड उघडलं न्हाय. जित्ती कोळंबी सोडली, त्याच्या डोळ्यापुढून चालत गेली, ती बघा अजून त्या कोपऱ्यात फिरतेय. एरवी टप्पकन आवाज व्हायचा की कोळंबी गेलीच. चार दिवस मी कान लावून बसलेय त्या आवाजाला. मी भ्यालेय, अंबाजी, खरं सांगते, माझा नवरा गेला तेव्हा पण एवढी भ्याले नव्हते, कारण तेव्हा सगळं होऊन गेल्यावर कळलं. आता होताना बघतेय.

हसताय? हसा. तुमी वरच्या गावचे, भात लावणारे, तुमाला आमच्या घरची रीत काय ठाऊक. माझ्या सासूनं सांगितलेली, तिला तिच्या सासूनं. या घरात मुलगा झाला, सात वर्षांचा झाला, की बापानं खाडीतून बोटाएवढं जिताड्याचं पिल्लू आणायचं आणि वाडीतल्या हौदात सोडायचं. दर्याचं एक लेकरू आपल्या घरी जामीन. आमचं लेकरू तू नेलंस तरी सांभाळ, तुझं आमी सांभाळतोय. आणि तो मासा हातभर झाला की मुलानं जहाजावर चढायचं. वयावर न्हाय, माशावर. आता मौलवींना इचाराल तर ते रागावतील, म्हणतील झुबेदा, हे कुठं लिहिलंय? कुठंच न्हाय लिहिलेलं. पण आगबोटी आल्या तरी आमच्या घरचे पुरुष शिडाच्या जहाजावरच गेले, आणि आले. बहुतेक आले.

तो कागद? तो बसऱ्याच्या बंदरातून आलेला. जहाजाच्या तांडेलानं लिहवून घेतला, मशिदीतल्या खतीबसाहेबांनी वाचून दाखवला — तीनदा वाचायला लावला मी. खजुराची पोती उतरवताना नजमुद्दीन जहाजाच्या तळात पडला. जिवाला धोका न्हाय म्हणे. पण पाठीत लागलंय. पाठ सरळ होत न्हाय. वाकून चालतो. वाकून, अंबाजी! एकोणीस वर्षांचा मुलगा! खतीबसाहेब म्हणाले, दुवा करा. मी दुवा केली आणि हौदावर आले, आणि वरून बघितलं. तुमी पण बघा. शेपटीपासून वर या — या इथं, पाठीवर — दिसतो बाक? सरळ पडलाय तरी सरळ न्हाय तो. कणाच तसा वाढलाय. बारा वर्षं मी रोज त्याला खायला घालते आणि मला तो बाक त्या दिवशी दिसला.

कुठं निघालात? तिकडं काही न्हाय. त्या झावळ्या हायत नुसत्या, आणि नारळ. — व्हय, खाली जुना हौदच हाय, हौद आधी लांब होता, आमच्या यांनी बांधलेला, आठ हात. पण तो भाग गळतो. म्हणून मधे भिंत घातली. गळतो हो, पहिल्यापासून गळतो, नजमुद्दीनला इचारा, त्याला पण ठाऊक हाय. कळशी कशाला घेतलीत? अहो उगीच कशाला, मी सांगतेय ना गळतो म्हणून — ओतलंत? बरं ओता. आणखी ओता. फुकट जाईल पाणी.

...

जिरलं का? — न्हाय जिरलं? थोडा वेळ लागत असेल. ऊन लागलं की जिरेल. तोवर... तुमी त्या भिंतीवर हात का फिरवताय? गिलावा बघताय? ओळखला हात? ओळखणारच, बापाचा हात मुलाला कळणारच. व्हय, तुमच्या बाळाजीनंच बांधली ती. चांगला माणूस. मला भाभी म्हणायचा. त्यानं कधी काही सांगितलं तुमाला? या भिंतीबद्दल? न्हाय ना? न्हाय सांगणार. मी त्याला शपथ घातली होती.

अजून हाय पाणी? तेवढंच?

गळत न्हाय तो भाग, अंबाजी. कधीच गळत नव्हता. मीच... आमचे हे, ताजुद्दीन, दर्यात गेले तेव्हा नजमुद्दीन नऊ वर्षांचा, आणि तो मासा वीतभर. जहाज पण न्हाय आलं, फळी पण न्हाय आली. आणि चाळीस दिवस होत न्हाईत तर हा मुलगा हौदावर उभा, हात पाण्यात घालून माशाशी माप लावतोय — अम्मा, किती राहिला? अम्मा, अजून किती? मी त्याचा हात पाण्यातून ओढून काढायचे. मग बाजारात मासळीवाली बायजा म्हणाली, तिला काय, ती बोलून गेली — जिताडा पाण्याएवढाच वाढतो गं, लहान हौदात लहानच राहतो. मी घरी आले न् तुमच्या बापाला बोलावलं. म्हटलं, भिंत घाला. तीन हात पुरे. तो म्हणाला, भाभी, जिताड्याची जात मोठी, एवढ्यात त्याला फिरता येणार न्हाय. म्हटलं, फिरू नये म्हणूनच. कळलं तुमाला? मासा हातभर झालाच न्हाय तर मुलगा जाणार कशाला? मी जामीनच लहान ठेवणार होते. मुलाला सांगितलं, तिकडून गळतं. आणि तो बिचारा मासा रांजणात ठेवून मला नवा चुना धुऊन काढू लागला, रोज पाणी उपसू लागला, त्याच्या माशाला बाधू नये म्हणून.

पण वाढला की हो. थांबला न्हाय. जागा न्हाय म्हणून वाकडा वाढला, पण वाढला. हातभर झाला तेव्हा मी म्हटलं, पाण्यात मोठं दिसतं रे, अजून चार बोटं कमी हाय. दोन वर्षं चार बोटं कमी होता तो! मग एक दिवस मुलानं शर्ट काढला, हौदात उतरला, आणि कोपरापासून बोटापर्यंत हात त्याच्या अंगाला लावला. वर माझ्याकडं बघितलं. त्याच मोसमात गेला.

आता बोला. मीच वाकवला ना? कोणाला वाकवला, सांगा. माशाला म्हणालात तर मी ऐकेन. दुसरं काही म्हणू नका.

काय म्हणता — नवा हौद नकोच? हा जुना गिलावा, याला चुना सुटणार न्हाय... आधी पलीकडं भरून घ्यायचं, दोन्हीकडं पाणी सारखं आलं की मग भिंत काढायची. आजच? आज होईल? मग थांबलात कशाला! झावळ्या ओढा, मी नारळ हलवते. सदू! अरे सदू, बैल जोड रहाटाला, पाट इकडं फिरव! घाव घालू नका मात्र, अंबाजी, एकेक दगड सुटा करा. हळू. त्याला कळता कामा नये की काही मोडतंय.

...

बस. पुरे. निघाली अख्खी. पहार खाली ठेवा, आवाज करू नका. गढूळ बसू द्या. — हलला. बघितलंत? पर हलले. पुढं येतोय, या अल्ला, पुढं येतोय, भिंत होती तिथवर आला, आता जाईल, आता —

वळला.

अंबाजी, तो वळला. भिंत न्हाय हो तिथं! पुढं नुसतं पाणी हाय, पाच हात पाणी हाय रे बाबा, जा की — परत आला. तिथवरच. परत कमान केली न् परत फिरला. आता कोण अडवतंय त्याला? कशाला वाकतोय? चौथ्यांदा. मोजतेय मी. तिथंच, बोटभर पण पुढं न्हाय.

सवय मोडायला वेळ लागतो? किती वेळ? जहाज पावसाआधी येईल. तो धक्क्यावर उतरेल, वाकत वाकत, आणि घरात न जाता आधी इथं येईल, मला ठाऊक हाय. इचारेल, अम्मा, भिंत कुठं गेली? गळत नव्हतं मग? — काय सांगू मी त्याला? तुमी पण आता गप्प बसणार, तुमच्या बापासारखे? नका बसू. न्हाय, बसा.

जा तुमी. उन्हं उतरली. हत्यारं राहू द्यात, उद्या न्या. पण हे दगड न्या. सगळे. एक पण इथं ठेवू नका. रात्री मला भीती वाटली न् हाताशी दगड असले, तर मी परत भिंत रचत बसेन, माझा मला भरवसा न्हाय, अंबाजी. उचला ते. उचला, आणि जा.