अप्पांना हिरो हवा होता

माझं अप्पांशी का पटत नाही म्हणून विचारता ना, मग हे ऐका. भाडोत्री मारेकऱ्यांच्या त्या इंग्रजी पिच्चरांमधला हिरो म्हणजे आमच्या बापाचा देव. नवा पिच्चर हिरोचा नाही, एका मारेकरी पोरीचा आहे, हे मी मुद्दाम सांगितलं नाही. अप्पा स्वतःहून सगळ्यांना कडोदऱ्याच्या थेटरात घेऊन गेले.

दर पाच मिनिटांनी विचारायचे, "अरे, हिरो कधी येतो?"

तिकडे पडद्यावर ती एवढीशी पोरगी मार खात होती, आपटत होती, परत उठत होती आणि हाताला लागेल त्याने धिप्पाड गडी लोळवत होती. हिरो आला, दोन वाक्यं बोलला आणि गेला. बाकी सगळं तिनेच निस्तरलं. मी तर शिट्ट्या मारून आणि ओरडून घसा बसवून घेतला.

बाहेर आल्यावर अप्पा फणफणले, "बाईमाणसाला शोभतं का हे?"

माझी बहीण सोनल लगेच म्हणाली, "अप्पा, मला उद्यापासून पळायला जायचंय. पोलिस भरतीचा फॉर्म भरलाय."

महिनाभर ती हेच मागत होती आणि हा माणूस 'लोक काय म्हणतील' यापुढे सरकत नव्हता. कापड गिरणीत लूमवर बारा तास उभं राहून अप्पा थकतात, मान्य. म्हणून पोरीनेही घरात बसायचं?

"पँट घालून रस्त्यावर पळणार? मी अडवीन!"

रिक्षाला हात करत आई म्हणाली, "अडवा ना. पण आधी पळून तिले गाठा."