पाचवं शील सांभाळताना

...नाही नाही, चाखली नाही हो! तुम्हाला सांगतो, बोटं हिरवी दिसली म्हणून माणसाला एकदम भंगेडी ठरवायचं? सियागंज बाजाराच्या तोंडाशी सरकारी लायसनचं भांगेचं दुकान आहे ना, तिथे मी नोकरीला आहे. दिवसभर पाट्यावर पाला वाटायचा, गोळ्या वळायच्या. कोणी? तर मी, धम्मपालनं! आजोबा महूला फौजेत, घरात रोज सकाळी पंचशील, आणि पाचवं शील काय? तर नशेपासून दूर राहीन! ते म्हणायचं, डबा उचलायचा आणि सरळ भांग वाटायला जायचं... पण करणार काय? अठरा वर्षं कापड मिलमध्ये लूमवर काढली, मिलच्या गेटला कुलूप लागलं, अन् पेपरात रोज छापून येतंय, देश खुला झाला, खुला झाला. आमचंच गेट तेवढं बंद! बायको, कौसल्या, म्हणते, "विकणंही वर्ज्यच आहे, माहितीये ना?" माहितीये गं बाई! डब्यातलं पीठ संपलंय, तेही माहितीये. पण चाखली नाही हो!

आणि गिऱ्हाईक? गोळी खाल्ली की दहा मिनिटांत परत हजर, "ओ भिया, कुछ नी हो रिया, एक और दो!" अरे थांब की बाबा, दारू आहे का ही? एक प्रोफेसरसाहेब येतात, ते समजावतात, "धम्मपालजी, पानातलं ते द्रव्य पाण्यात उतरत नाही, दुधातुपात उतरतं. पोटातून रक्तात, मग डोक्यात. चढायला वेळ लागणारच." मी म्हटलं साहेब, मिलचंही तसंच झालं की! पहिला महिना आम्ही गेटवर पत्ते कुटले, "खुलेगी, खुलेगी!" करत... चढलं ते नंतर.

आता आमचा वाल्मिक. शेजारच्या लूमवर होता. रोज दुपारी गोळी घेतो, बाकावर बसतो, तासाभरानं ताडकन उठतो, "धम्मा, चल, भोंगा झाला!" अन् निघाला मिलकडे! मी तसाच हिरव्या हातांनी मागे. कुलपासमोर उभा राहतो, चेहरा काय खुलतो हो त्याचा... म्हणतो, "ऐक, लूम चालू झाले! येतंय ना ऐकू?"

मी कान देतो. आत कबुतरं घुमतात, बस्स.

"येतंय रे," म्हणतो, "येतंय." काय करू, रडूच येतं त्याच्याकडे बघून. मग हाताला धरून घरी पोचवतो. रोज.

चाखली नाही हो, आजवर नाही... पण 'खोटं बोलणार नाही' हे चौथं शील. पाचवं सांभाळता सांभाळता ते रोज त्या कुलपासमोर गेलं की!