आखणीचा कुंचला

माझा गाढवपणा आधी सांगते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही मला फार मोठी समजणार नाय. सौंदर्यस्पर्धेला मी गणपतीचा रंग तोंडाला फासून गेले होते. हसा, हसा, मीपण हसते.

माझा जन्म पेणचा, गणपतीच्या कारखान्यातला. अण्णा, म्हणजे माझे वडील, मूर्तींचे डोळे आखायचे. घडवणारे, रंगवणारे पुष्कळ होते, पण डोळे सगळ्यात शेवटी आणि ते अण्णांनीच. आंघोळ करून, धूत धोतर नेसून पाटावर बसायचे, आम्ही पोरींनी श्वाससुद्धा हळू घ्यायचा, आणि एक रेघ फिरली की समोरची माती आपल्याकडं बघायला लागायची. काय सांगू तुम्हाला, अंगावर काटा यायचा, अजून येतो. त्यांचा कुंचला खारीच्या केसांचा, आजोबांच्या हातचा, त्याला दुसऱ्या कुणी शिवायचं नाय.

आणि मी शिवले. अठरा वर्षांची शहाणी! मुंबईच्या मावशीनं कुठल्याशा साबणवाल्यांच्या स्पर्धेत माझं नाव घातलेलं, तर मी निघताना रंगाच्या पुड्या, डिंक आणि तो कुंचला गुपचूप पिशवीत टाकला. म्हटलं, मातीचं तोंड एवढं उजळतं तर माझं का नाय? मावशीच्या आरशासमोर गाल रंगवले, डोळे आखले. उजवा साधला, डाव्याची रेघ जी हलली ती पार कानाकडं गेली. त्यात डिंक वाळला नि तोंड असं आवळलं की बाकीच्या पोरी खुदूखुदू हसतायत आणि मला ओठ हलवायची चोरी, हसले असते तर गालाचा पोपडाच पडला असता. परीक्षक म्हणाले, काय हे गांभीर्य, काय ही शालीनता! ठेवला मुकुट माझ्या डोक्यावर. पेपरात फोटो आला, हललेल्या रेघेसकट.

मुकुट मिरवत पेणला आले. अण्णांनी मुकुटाकडं बघितलंच नाय, नुसता हात पुढं केला. मी पिशवीतून कुंचला काढून दिला, डिंकानं दगड झालेला. त्यांनी पाण्यात भिजवला, बोटांनी मोकळा करायला गेले तर केस हातात आले. त्या दिवसापासून अण्णा माझ्याशी बोलायचे बंद झाले. सगळं आईकडून, तिला सांग जेवून घे म्हणावं, आणि मी समोरच बसलेली! रोह्याच्या मास्तरांशी लग्न झालं, मांडवातसुद्धा एक शब्द नाय. रोह्याला आळीतल्या बायका मुकुटवाली सून बघायला यायच्या, आणि मी मनात म्हणायची, मुकुट न्या गो कुणीतरी, माझा बाप तेवढा बोलता करून द्या.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. मुलगी झाली. लोक बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर पडल्यावर आंघोळ करतात, अण्णा आंघोळ करून आत आले. धूत धोतर, हातात पाट. आखणीला बसायचे तसे पोरीसमोर बसले. मी श्वास हळू केला, जुनी सवय. आणि पोरीनं डोळे उघडले. देवा रे! हे माझ्या पोटात झालं, अंधारात, कुंचल्याबिंचल्याशिवाय, मला अजून खरं वाटत नाय.

ती पोर आता स्वतः आजी झालीय. मी तिच्याकडंच असते, इथं रोह्याजवळच्या वरसे गावात. मुकुट पत्र्याचा होता, गंजून कुठं गेला कुणास ठाऊक. माझा मोतीबिंदू काढलाय, तर रोज डोळ्यांत थेंब घालते माझ्या, वर बघ गो आई, हलू नकोस, म्हणून दटावते. मी हलत नाय. तिचे डोळे इतक्या जवळून दिसतात, आणि इतक्या दिवसांचा अबोला मोडून अण्णा त्या पाटावरून माझ्याकडं वळून जे बोलले, ते जसंच्या तसं कानात येतं:

हे कुणी आखले गो? रेघ कुठं हललेली नाय. तू आता ह्यांना हात लावू नको.