‘अ बिट’ म्हणजे किती?

सुचावा शहराच्या बस स्टँडवर नेकुलाय मुलासाठी चीजचं गाठोडं पाठवायला इंग्लंडच्या बसच्या रांगेत उभा होता. पुढे मायलेकी.

"चुळबुळ करू नकोस, आई. 'सिव्हिअर' दुखतंय म्हणजे?"

"जोरात. बस आली का गं?"

"नाही. 'अनबेअरेबल'?"

"असह्य. हॉर्न वाजला ना?"

"तो ट्रकचा. 'अ बिट'?"

"जरासं. म्हणजे काळजी नको."

"उलट! तू जिला सांभाळायला चालली आहेस ती इंग्लिश म्हातारी 'अ बिट' म्हणाली, की हातातलं काम टाकून डॉक्टरला फोन करायचा. ती माणसं मरतानाही तेवढंच सांगतात."

"बरं बाई. आली बघ बस! ऐक, माझ्यावाचून जड जाईल का गं तुला?"

"अ बिट."

आईने उचललेली बॅग पुन्हा खाली ठेवलेली नेकुलायने पाहिली.